आवाजबाई फलाटावर

बसस्थानकावर त्यांना सगळे आवाजबाई म्हणत. बावीस वर्षं त्या गाड्या पुकारत आल्या होत्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती रखडली, कुणाची छत्री सापडली, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं त्यांच्या तोंडून स्थानकभर जायचं. आवाज असा, की पाय लावून पळणारा माणूसही क्षणभर थबकून ऐकायचा. चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला होता.

कारण बाईंच्या खोलीला खिडकीच नव्हती. जिन्याखालची ती खोली. एक टेबल, एक माइक, गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वरच्या कक्षाला जोडलेला फोन, आणि छताजवळ वीतभर झरोका. फोन वाजला की वरून कळायचं, तीन नंबरला गाडी आली. बाई बटण दाबायच्या आणि पुकारायच्या. इंजिनाच्या घरघरीवरून त्यांना गाडी ओळखता यायची. पण त्याच गाडीचा रंग कोणता असं कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

मग एका हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. आधी वाटलं थंडीने बसला असेल. महिना झाला तरी सुटेना, तेव्हा त्या आईला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. आई ऐंशीची, कानाने जवळजवळ ठार. घरात दोघीच. डॉक्टरांनी विचारलं, घरीसुद्धा मोठ्याने बोलावं लागतं का? बाईंनी होकारार्थी मान डोलावली. डॉक्टरांचे हलणारे ओठ पाहून आईने आपल्या परीने अंदाज बांधला आणि ठणकावून सांगितलं, "नाही हो, आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलतच नाही."

गाठ निघाली. साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण आवाज कुजबुजीपुरताच उरला. ताण दिलात तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. 

रजा संपवून बाई कामावर आल्या त्या राजीनामा लिहूनच. स्थानकप्रमुखांनी तो वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. हे साहेब नियमावर बोट ठेवून चालणारे. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं की विजेवरचा एक मोठा फळा वर्षभर गोदामात गुंडाळून पडलाय, तो आता फलाटांवर टांगू. बाईंनी आपल्याच खोलीत बसायचं, बोलायचं ते कॉम्प्युटरवर लिहायचं, आणि ते फळ्यावर उमटेल.

नोकरी राहिली. बाईंना बरंही वाटलं आणि वाईटही. आवाज निदान बाहेर जाऊन यायचा. त्याचा घुमारा झरोक्यातून परत ऐकू यायचा. अक्षरं कुठे जातात, कोण वाचतं, काहीच कळेना. चौथ्या दिवशी न राहवून त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. फळ्यावर 'फलाट तीन' असं लखलखत होतं आणि बरोबर त्याच्याखाली उभा राहून एका गृहस्थाने त्यांनाच विचारलं, "बाई, ही गाडी कुठे लागते हो?"

त्यांनी तीन बोटं दाखवली. आणि तेव्हाच त्यांच्या मनाने घेतलं, की आता लिहायचं ते इथे, माणसांत उभं राहून.

हे त्यांनी वहीत लिहून वायरमनला दाखवलं. वायरमनला सगळे तात्या म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि स्थानकातली एकूण एक तार त्यांनीच ओढलेली. तात्यांनी ते वाचलं, त्यात काय मोठंसं असा चेहरा केला, आणि दुसऱ्या दिवशी तीस मीटर लांब वायरीचा कीबोर्ड तयार करून बाईंच्या हातात दिला. तो जेमतेम पाऊण तास टिकला. एका माणसाची पत्र्याची ट्रंक वायरीत अडकली, ट्रंकेच्या धक्क्याने मागची बाई हेलपाटली, आणि कीबोर्ड बाईंच्या हातातून सुटून थेट उसाच्या रसाच्या बादलीत गेला. साहेबांनी बाहेर येऊन फक्त वायरीकडे पाहिलं. तात्यांनी ती निमूटपणे गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीतून तात्यांनी एक वस्तू काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढी, काळी, कॉम्प्युटरला खोचायची.

"याला अडॅप्टर म्हणतात. हे खोचलं की तुमचा फोन आणि हा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. मध्ये तार नाही." आपल्याला कुणीतरी फसवलंय अशा सुरात तात्या बोलत होते. "जन्म गेला तारा ओढण्यात, आणि आता हे."

बाईंचा फोन चांगला होता, पण कॉम्प्युटर होता जुना. त्याच्या पोटात ही सोय नव्हती. अडॅप्टर खोचल्यावर पडद्यावर आसपासच्या फोनांची यादी आली. एकाचं नाव 'राजा', एकाचं 'हात लावू नये', आणि खाली एकाच कंपनीचे, सारख्याच आकड्यांचे दोन. त्यातला बाईंचा कोणता? तात्यांनी पहिला निवडला. फोन गप्प. पण भिंतीपलीकडून तिकीटवाल्याचा आवाज आला, माझा फोन कसला तरी आकडा मान्य करा म्हणतोय, करू का? तात्या धावत जाऊन नको म्हणून आले. दुसरा निवडला. बाईंच्या फोनवर सहा आकडे उमटले, पडद्यावर तेच सहा. दोघांनी एकेक आकडा दोनदा ताडून पाहिला, जणू बँकेची तिजोरी उघडायची आहे. बाईंनी 'हो' दाबलं. मग त्यांनी फोनवर लिहिलं, 'तात्या', आणि टेबलावरच्या पडद्यावर अक्षरं आली, तात्या.

तात्या बराच वेळ स्वतःच्या नावाकडे पाहत राहिले.

पण बाई खोलीबाहेर पडल्या की जोडणी तुटायची. जिन्याखालची भिंत दीड हात जाडीची. अडॅप्टरला ती भेदता येत नव्हती. तात्यांनी डोकं खाजवलं आणि त्यावर उपाय काढला. कॉम्प्युटरपासून एक वायर ओढून ती झरोक्यातून बाहेर काढली, आणि तिच्या टोकाला अडॅप्टर लावून फलाटाच्या खांबावर, वर, डबीत बसवला. आता पहिल्या फलाटापासून सहाव्यापर्यंत कुठेही उभं राहून लिहिलं की ते फळ्यावर यायचं. खाली उतरल्यावर तात्यांचा चेहरा उजळला होता. शेवटी तार लागलीच, हे त्यांनी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं.

अशा रीतीने आवाजबाई वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी फलाटावर आल्या.

पहिले काही दिवस त्या नुसत्या पाहत होत्या. गाड्या निळ्या होत्या आणि खालून मातकट पट्ट्याच्या. त्यांनी वर्षानुवर्षं जिला 'खोकरी' म्हणून ओळखलं ती गाडी सगळ्यांत नवी निघाली. डोंगराकडची गाडी येताना चिडल्यासारखा हॉर्न वाजवायची. तिचा चालक कुणी जाडजूड, मिशाळ गडी असणार अशी बाईंची पक्की समजूत. दार उघडून उतरली ती पाच फुटांची एक बाई, बगलेत उशी. उशी खाली घेतल्याशिवाय तिला समोरचा रस्ताच दिसत नसे. आवाजबाई या आहेत हे कळल्यावर उशीवालीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मनापासून म्हणाली की मला तुम्ही उंच वाटला होतात.

माणसांत उभं राहिल्यावर लिहिणंही बदललं. म्हातारी माणसं फळा वाचताना डोळे बारीक करतात हे दिसलं, म्हणून बाईंनी अक्षर मोठं केलं. पाच नंबरकडे जाणारे नेमके चुकीच्या बाजूला वळतात हे दिसलं, म्हणून 'रसवंतीच्या डाव्या हाताला' अशी भर घातली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि मग भाजीची गोष्ट झाली.

आवाज गेल्यापासून मायलेकी घरात फोनवर लिहून बोलू लागल्या होत्या. आईला ते फार मानवलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच लेकीचं सगळं कळतंय, असं ती शेजारणीला सांगे. कामाच्या वेळीही तिचे निरोप यायचे. त्या दिवशी साडेअकराला आला: भाजी करपली, वास सुटलाय, आता काय करू. बाईंनी घाईघाईने उत्तर लिहिलं. पण लिहिलं ते ज्या जागी गाड्यांचं लिहायचं तिथेच. दीड हात उंचीच्या अक्षरांत फळ्यावर झळकलं:

'आई, करपली तर करपू दे. आधी गॅस बंद कर.'

स्थानक हळूहळू शांत होत गेलं. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, त्याने तिसऱ्याला. कुठूनतरी हसू फुटलं. बाई खांबाआड गेल्या. कान तापले होते. तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा उठले, काठी टेकत त्यांच्यापर्यंत आले आणि काळजीने विचारू लागले, केला का हो गॅस बंद? 

बाईंनी फोन पाहिला. उत्तराची वाट न पाहता आईने गॅस बंद केल्याचा निरोप आलेला होता. आता एवढी तीनशे माणसं वाट पाहतायत तर सांगायला नको? त्यांनी लिहिलं, 'गॅस बंद केला आहे. सर्वांचे आभार. नदीकाठची गाडी फलाट दोनवर लागली आहे.' त्यावर जे हसले त्यांनी टाळ्याही वाजवल्या, आणि त्या दिवशी नदीकाठची गाडी एकालाही चुकली नाही.

साहेबांनी बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, पण फळ्यावर गाड्यांखेरीज एक अक्षरही नको असं त्यांनी बजावलं. बाईंनी वहीत 'चूक झाली' असं लिहून सही केली. आणि पाळलंही त्यांनी ते. नऊ दिवस पाळलं.

दहाव्या दिवशी सकाळी सव्वानऊला वरच्या कक्षातून बाईंच्या फोनवर निरोप आला. डोंगराकडच्या गाडीचा गिअर निखळलाय, नऊ पस्तीसची फेरी रद्द. बाईंनी लिहिलं: 'डोंगराकडची नऊ पस्तीसची गाडी रद्द. पुढची गाडी दोन वाजता.' ही वाक्यं त्यांनी आयुष्यात हजार वेळा तरी पुकारली असतील. पुकारायची आणि बटण सोडायचं. या वेळी त्यांची नजर फळ्याखाली गेली.

तिथे एक मुलगी उभी होती. नव्या कोऱ्या कपड्यांत, केस नीट बांधलेले. शेजारी तसाच नटलेला एक मुलगा, आणि टोपी घातलेले एक जाडजूड मामा. मुलीने फळा वाचला, परत वाचला, आणि हातातल्या पिशवीवरच मटकन खाली बसली. रडली नाही. नुसती बसली.

बाई तिच्याजवळ गेल्या आणि वही पुढे केली. काय झालं?

मुलगा गवंडी होता, मुलगी रुग्णालयात परिचारिका. लग्न नोंदवायला निघाले होते. डोंगरापलीकडच्या गावातलं नोंदणी कार्यालय आठवड्यातून एकच दिवस उघडतं, आणि त्यांना साडेअकराची वेळ मिळाली होती. आज चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि मुलीची बदली पुढच्याच महिन्यात. सगळं मामांनीच सांगितलं, भरघोस आवाजात. दुसरी साक्षीदार म्हणून मुलीची मैत्रीण यायची होती. तिची रात्रपाळी अजून सुटली नव्हती, तिचाही पत्ता नाही. एकूण सगळंच मुसळ केरात.

बाईंनी साहेबांच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग त्यांनी लिहायला घेतलं.

'फलाट चारवर एक जोडपं उभं आहे. साडेअकराला डोंगरापलीकडे त्यांचं लग्न आहे. गाडी रद्द झाली. कुणी त्या बाजूला जाणारं आहे का?'

पुन्हा स्थानक थबकलं. माणसं फळ्याकडे पाहत, मग फलाट चारकडे. एक पेढीवाला आला; त्याच्या दुचाकीवर एकाची सोय होती. मामा म्हणाले, नवऱ्याला एकट्याला नेऊन काय करू? मग गाड्या दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेतले मेस्त्री हात पुसत पुढे आले. ते चहाला निघाले होते आणि जाता जाता त्यांनी फळा वाचला होता.

"आमची एक गाडी कालच गिअर दुरुस्त होऊन आलीय," ते बाईंना म्हणाले. "ती आज चाचणीला चढावर न्यायचीच आहे. वाळूची पोती भरायला माणसं लावलीत मी."

दुरुस्त झालेली गाडी रिकामी चढवून कळत नाही. प्रवाशांइतकं वजन भरून चढवावी लागते. म्हणून पोती. हे बाईंना माहीत नव्हतं, पण मेस्त्री काय सुचवतायत ते समजलं. आणि त्याच वेळी साहेबांचं दार उघडलं.

साहेबांनी फळा वाचला. मग जवळ येऊन परत वाचला. गर्दीने त्यांना वाट करून दिली. बाई फोन छातीशी धरून उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना काही विचारलं नाही; मेस्त्रींना विचारलं, पोती किती भरता?

मेस्त्री म्हणाले, "चाळीस. पन्नास-पन्नास किलोची."

साहेबांनी खिशातून नियमांचं छोटं पुस्तक काढलं. पान शोधलं. वाचून त्यांनी पुस्तक मिटलं.

"नियमात वजन म्हटलंय," ते म्हणाले. "वाळू म्हटलेलं नाही."

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. रद्द झालेल्या गाडीचे बावीस प्रवासी होते. उरलेलं पोत्यांनी भरून काढलं. उशीवाली चालक मोकळीच होती, ती उशी मांडून बसली. मुलगी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बाईंचा हात धरून तिने विचारलं, तुम्ही याल का, साक्षीदार म्हणून? आमच्याकडे कुणी नाही.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहून सांगितलं की परतीच्या फेरीने या, आणि तात्यांना हाक मारून फळा सांभाळायला सांगितला. तात्या, ज्यांनी आयुष्यात चार ओळी सलग लिहिल्या नव्हत्या, ते फाशीला निघाल्यासारखे जिन्याखाली गेले.

बावीस वर्षांत बाई त्या रस्त्याला एकदाही गेल्या नव्हत्या. गाडी फाटकाबाहेर पडली तसा फोन थरथरला: जोडणी तुटली. बाईंनी तो पर्समध्ये टाकला आणि पुढच्या बाकावर, काचेजवळ बसल्या.

चाचणीच्या गाडीला वाहक नव्हता. पहिला थांबा जवळ आल्यावर उशीवालीने आरशातून पाहत म्हटलं, बाई, पुकारा की. बाईंनी गळ्यावर हात ठेवला. पण मग मान वळवून त्यांनी त्या गावाचं नाव कुजबुजून घेतलं. शेजारी मामा होते. त्यांनी ते ऐकून मागे वळून अशा काही आवाजात पुकारलं की पोत्यांवर डुलक्या घेणारा एक जण दचकून उठला. सगळे हसले. दुसऱ्या थांब्याला गाडीतली माणसं आपणहून शांत झाली. बाई कुजबुजल्या, मामा गरजले. तिसऱ्या थांब्यापासून तर बाईंचे ओठ हलताना पाहायला मागची पोरं बाकांवर उभी राहू लागली.

आणि बाई गावं बघत होत्या. दिवसातून चार वेळा ज्याचं नाव घेतलं त्या गावात मधोमध केवढं तरी तळं होतं आणि त्यात बदकं. ज्याचं नाव त्यांना उच्चारायला नेहमी अवघड जायचं ते गाव म्हणजे जेमतेम सात घरं आणि एक शाळा. एका वळणावर पिवळ्या फुलांचं शेत थेट रस्त्याला भिडलेलं. हे सगळं इतकी वर्षं इथेच होतं, आणि माणसं आपल्या शब्दावर विश्वासून इथे येत होती. बाईंना एकदम भरून आलं. उशीवालीने ते आरशात पाहिलं असावं, कारण तिने उगीचच, समोर रस्ता मोकळा असताना, तो चिडका हॉर्न दोनदा वाजवला.

अकरा वीसला गाडी नोंदणी कार्यालयासमोर उभी राहिली. चढावर गिअर एकदाही कुरकुरला नव्हता. उतरायचं नव्हतं तेही प्रवासी उतरले आणि कार्यालयाच्या दारात गर्दी करून उभे राहिले.

कारकुनाने साक्षीदारांची नावं विचारली. मामांनी आपलं सांगितलं. बाईंनी आपलं सांगितलं, पण ते टेबलापलीकडे पोचलं नाही. कारकून मान वर न करता म्हणाला, मोठ्याने बोला.

मामा टोपी काढून पुढे झाले. "साहेब, बावीस वर्षं त्या मोठ्याने बोलल्या आहेत. आता तुम्ही जवळ या."

कारकुनाने मान वर केली. मग खरंच उठला, टेबलाला वळसा घालून आला, आणि कान पुढे केला. बाईंनी नाव सांगितलं. व्यवसाय विचारल्यावर निवेदिका म्हणाल्या, आणि त्याने तसंच लिहून घेतलं.

सह्या झाल्या. नवऱ्यामुलाची सही वाकडी होत रजिस्टरच्या दुसऱ्या रकान्यात घुसली. गवंडी असून रेघ सरळ नाही, असं नवरी म्हणाली, आणि दारातल्या सगळ्या वजनांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या फेरीने बाई चारला स्थानकात आल्या. फाटकातूनच फळा दिसला. त्यावर तात्यांनी लिहिलं होतं: 'पाच नंबरला गाडी आली आहे बहुतेक.' खाली प्रवासी उभे होते आणि कुणाचीही तक्रार दिसत नव्हती. जिन्याखाली तात्या घामाघूम होऊन एका बोटाने अक्षर शोधत बसले होते. बाईंना पाहून त्यांनी कीबोर्डवरून हात उचलला तो असा, की जणू विस्तवावरून उचलला.

टेबलावर साहेबांच्या सहीचा कागद होता. फळ्यावर गाड्यांखेरीज लिहिण्यास मनाई कायम आहे. मात्र प्रवाशांची अडचण हीसुद्धा गाड्यांचीच बाब समजावी. त्याखाली आणखी एक ओळ: निवेदिकेचे कामाचे ठिकाण आजपासून फलाट एक ते सहा.

त्या संध्याकाळी घरी बाईंनी आईला सगळं लिहून सांगितलं. गिअर, पोती, मामा, बदकं, कारकुनाचा कान, काहीही न गाळता. आई चष्मा पुसत एकेक निरोप वाचत गेली. सगळं वाचून झाल्यावर तिने बराच विचार केला आणि विचारलं, "लग्नाला गेलीस ते ठीक. पण जेवायला काय होतं?"

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही. त्या हसत सुटल्या. घशातून जेमतेम हवा येत होती, पण खांदे गदागदा हलत होते. आईलाही काही न कळता हसू आलं. मग दोघी उठून स्वयंपाकाला लागल्या.